डॉजर्सनी ट्रॉफी विकत घेतली म्हणे

एक फॉरवर्ड किती दिवस फिरतोय, मला तीन ग्रुपवर आलाय. लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल टीमने २०२५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, पैशाने विकत घेतली, सगळे स्टार उचलून आणले, सीझन नुसती फॉर्मॅलिटी होती, त्यांच्या जपानी स्टार ओहतानीचा पगार पुढे ढकलून वर चीटिंग केली, आणि शेवटी आपलं आयपीएल बरं, पर्सला लिमिट तरी असतं. एकेक बघू.

आधी फॉर्मॅलिटीचं. सीझनच्या आधी लोक एका सीझनमधल्या ११६ विजयांचा रेकॉर्ड मोडणार म्हणत होते, पहिल्या आठही मॅच जिंकल्या तेव्हा तर विचारूच नका, आणि शेवटी झालं काय तर ९३ विजय, ६९ पराभव. नॅशनल लीगमध्ये (बेसबॉलच्या दोन गटांपैकी यांचा गट) मिलवॉकी आणि फिलाडेल्फिया दोन्ही पुढे, म्हणून यांना वाइल्ड कार्ड राउंडपासून, म्हणजे प्लेऑफच्या अगदी पहिल्या पायरीपासून खेळावं लागलं. मिलवॉकीशी रेग्युलर सीझनमध्ये ६ मॅच, सहाच्या सहा हरले. ते एकवेळ समजू, पण शेजारचे एंजल्स? ती टीम स्वतः ७२-९०, आणि त्यांच्याकडूनही सहापैकी सहा हरले. याला फॉर्मॅलिटी म्हणायचं तर म्हणा बापडे.

आता पैसे. ओतले, खूप ओतले, ते कोण नाकारतंय. पण गेले कुठे ते बघा ना. शेवटच्या इनिंगला बॉल टाकून मॅच संपवायला पिचर टॅनर स्कॉटला ४ वर्षांचे ७.२ कोटी डॉलर दिले, त्याने सीझनमध्ये १० वेळा हातातली लीड घालवली आणि प्लेऑफमध्ये एक बॉल टाकला नाही. बॅटर कॉन्फोर्टोला एका वर्षाचे १.७ कोटी, बॅटिंग ॲव्हरेज .१९९ (म्हणजे पाचात एक हिटही नाही), प्लेऑफच्या टीममध्ये जागाच नाही. पिचर स्नेलला १८.२ कोटींचा करार, रेग्युलर सीझनमध्ये मॅच सुरू केल्या फक्त ११ (ऑक्टोबरात, प्लेऑफला, मात्र तो उपयोगी पडला, खोटं कशाला बोला). ६ सप्टेंबरची बाल्टिमोरची मॅच ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको, डॉजर्सचा पिचर यामामोतोने साडेआठ इनिंगच्या वर एक हिट दिली नव्हती, शेवटची एक विकेट बाकी, स्कोअर ३-०, तेवढ्यात बाल्टिमोरच्या हॉलिडेचा होमर (आपला सिक्स समजा), मग बुलपेन, म्हणजे बदली पिचर आले आणि मॅच ४-३ ने गेली. शेवटची हिट कोणी दिली? याच स्कॉटने.

आणि पैशाने ट्रॉफी येत असती तर न्यूयॉर्कचे मेट्स कुठे आहेत? त्यांनी बॅटर सोतोला दिले १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर. जूनच्या मध्यापर्यंत अख्ख्या बेसबॉलमध्ये टॉपला, मग अशी घसरण की शेवटच्या दिवशी बरोबरीतलं सिनसिनाटीही हरलं, यांना मायामीत फक्त जिंकायचं होतं तर ४-० ने हरले. ८३-७९. सिनसिनाटीचेही तेवढेच विजय, पण आपसातल्या मॅचमध्ये ते पुढे होते म्हणून ते आत आणि मेट्स घरी. बरं, फायनलला समोर टोरोंटो होतं, ते काय गरीब? त्यांचा स्टार बॅटर गरेरोला त्यांनी एप्रिलमध्ये १४ वर्षांचे ५० कोटी दिले होते.

ओहतानीच्या चीटिंगचा मुद्दा मला सगळ्यात फालतू वाटतो. ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, हे खरं. पण हा नियम सगळ्या टीमसाठी खुला आहे, आणि टॅक्स (ठरलेल्या मर्यादेवर पगार देणाऱ्या टीमला बसणारा) मोजताना त्याचे वर्षाला साधारण ४.६ कोटी धरतातच, आत्ता हातात पडणारे २० लाख नाही. मेट्स तर त्यांचा जुना खेळाडू बॉबी बोनियाला दर १ जुलैला जवळपास १२ लाख डॉलर देतात, २०३५ पर्यंत देणार आहेत, आणि तो शेवटचा खेळला २००१ मध्ये!

फॉरवर्डमध्ये खरं एवढंच आहे की बेसबॉलमध्ये टीमच्या पगाराला कॅप (कमाल मर्यादा) नाही, नुसता टॅक्स आहे, आणि यामामोतोचे ३२.५ कोटी मिलवॉकीच्या आवाक्यातले नाहीत. त्याने फायनलला तीन मॅच जिंकून दिल्या, सहाव्या मॅचला ९६ बॉल टाकून दुसऱ्याच दिवशी सातव्या मॅचला परत आला. तो पैसा वसूल, मान्य. कॅप हवी की नको हे भांडण १ डिसेंबर २०२६ ला खेळाडूंची संघटना आणि टीममालक यांच्यातला करार संपेल तेव्हा रंगेलच.

पण ती सातवी मॅच बघा हो एकदा. नववी इनिंग, एक आऊट, ४-३ ने मागे, आणि बॅटिंगला कोण तर मिगेल रोहास, ३६ वर्षांचा, ५० लाखांचा माणूस, सीझनभरात मोजून ७ होमर. त्याने होमर मारून बरोबरी केली. पुढच्या अर्ध्यात तिन्ही बेसवर टोरोंटोची माणसं, एकच आऊट, कुठूनही एक रन आली की खेळ खलास. बॉल जमिनीवरून रोहासकडेच आला, तो अडखळला, पडता पडता सावरला आणि होमला, म्हणजे बॅटरजवळच्या प्लेटकडे, फेकला (रनर पोचायच्या आत बॉल हातात आणि पाय प्लेटवर, की आऊट). कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून सुटलाय की काय असं वाटलं, रिप्ले किती वेळा बघितला असेल मी, पाय टेकलेला आहे आणि तिसऱ्या बेसवरून आलेला काइनर-फलेफा घसरत घसरत बोटभर उशिरा पोचतोय. पुढे अकराव्या इनिंगला ज्याच्या होमरवर ५-४ झालं तो हाच स्मिथ, आणि त्याला डॉजर्सनी कुठून उचलून नाही आणला, २०१६ च्या ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडायची पद्धत) घरचाच पोरगा आहे.