म्हणे, दहा टक्क्यांच्या आत आहे!

आज सकाळी प्राध्यापकांच्या ग्रुपवर एका सरांच्या शोधनिबंधाची पीडीएफ आली. खाली ‘हार्दिक अभिनंदन सर’ची रांग. उघडून वाचायला लागले आणि डोकंच फिरलं. या जात्यावरच्या ओव्या माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातल्या आहेत!

एके ठिकाणी गाणाऱ्या आजी पुढची ओळ विसरल्या होत्या. पोरीने तिथे प्रामाणिकपणे टिंबं दिली. सरांच्या निबंधातही त्याच जागी तीच टिंबं!

फोन केला, तर म्हणाले, “मॅडम, साम्य तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ टक्के आलंय. दहाच्या आत चालतं.”

चालतं? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून चोरी चालते? तिचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, स्कॅन करून चढवलाय, म्हणजे नुसते पानांचे फोटो. यंत्राला त्यातलं अक्षर दिसणार कुठून? इंग्रजी उतारे मराठीत उतरवणाऱ्यांचंही असंच फावतं.

पोरगी एसटीने मावळातल्या वाड्यांवर जायची, बायकांबरोबर भात लावायची, मग रात्री त्या गायच्या. प्रत्येक ओवीखाली तिने गाणारीचं नाव आणि वाडी लिहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी लाखभर ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. सरांनी नेमकी नावंच गाळली आणि वर लिहिलं, ‘संकलन : प्रस्तुत लेखक’. लाज कशी वाटत नाही?

मान्य, बढतीसाठी निबंध मोजतात, त्यात निवडणुकीची कामं गळ्यात. पण म्हणून लेकराच्या ताटातलं ओढायचं?

आणि मी कॉपीराइटचा बाऊ करणारी नाही. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी खटला भरला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. गरीब पोरांनी अभ्यासाला झेरॉक्स काढावी, खुशाल काढावी. ती पोरं त्यावर स्वतःचं नाव घालत नाहीत.

दुपारी तिला कळवलं. ती चिडेल असं वाटलं होतं. हळूच म्हणाली, “मॅडम, जाऊ द्या ना. मुलाखतीच्या पॅनलवर तेच असतात.” नेट-सेट, पीएचडी सगळं करून पोरगी अजून तासिका तत्त्वावर आहे. काय बोलणार तिला? पोटात तुटलं नुसतं.

तक्रार तिच्या नावाने जाणार नाही. मार्गदर्शक मी होते, सही माझी असेल. दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून आज रात्रीच संपादकांना पाठवतेय. निबंध मागे घ्या, एवढंच मागणं आहे. आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर ती पानं इथे टाकेन.