उपाशी गाठ नाही राहत, बाई राहते

"कोलेस्टेरॉल हा स्तनाच्या गाठीचा खुराक. चाळीस दिवस तेल, शेंगदाणे, दूध, अंडी बंद करा. गाठ उपाशी मरते, केमो लागत नाही. टॅमॉक्सिफेनने कोलेस्टेरॉल वाढतं, तीही सोडा." लातूर-बीडच्या ग्रुपांवरून फिरत हा मेसेज आमच्या मावशींच्या फोनवर आला, तोही ऐन केमोच्या दिवसांत. म्हणून हा उतारा.

आधी तेल. करडईच्या काय नि शेंगदाण्याच्या काय, तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणा. ते दूध, अंडी, मटणातलं. लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही, आणि निघाला केमो बंद करायला!

आता उपासाचं, कारण जीव जाईल तो यातच. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. यकृत आणि इतर पेशी ते स्वतः बनवतात. खाण्यातलं घटलं की यकृत आपलं वाढवतं. गाठीच्या पेशींनाही ते बनवता येतं. मग झिजतं कोण? केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यात अंगात प्रथिनं नसली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, अशक्तपणा येतो, पुढची केमो लांबते आणि गाठीला तेवढी उसंत मिळते. भाकरीबरोबर घट्ट वरण, उसळ, दही, नीट उकडलेलं अंडं रोज हवं. तोंड आलं असेल तर तिखट तेवढं टाळा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर क्रोसिन घेऊन घरी पडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अर्धं खरं आहे, तेही सांगतो. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल इस्ट्रोजेन या बाईच्या हार्मोनसाठी पेशीत असलेल्या कुलपात (ईआर) किल्लीसारखं बसतं आणि ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे हे कुलूप असलेली, गाठ वाढवतं. पण हे मुख्यतः उंदरांत. आणि त्यात उपासाने गाठ मेली असं कुठेच नाही.

टॅमॉक्सिफेन ही गोळी त्याच कुलपावर बसून ते अडवते. ती सोडणं म्हणजे कुलूप उघडं टाकणं. वर ती वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, थोडं कमीच करते. वाढल्या तर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढतात. लेट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीवर असाल तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातली चरबी, तपासून घ्या. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नका.

आणि बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर निगेटिव्ह लिहिलं असेल, तर त्या गाठीत हे कुलूपच नाही.