फोन मध्येच ठेवू नये, असभ्य दिसते

क्रेडिट कार्डावरील रक्कम परक्या माणसाच्या हवाली करणे वाटते तितके सोपे नाही. बँकेने वाटेत बरेच अडथळे उभारून ठेवले आहेत आणि ते एकेक करून दूर सारायचे, तर कार्डधारकाचे मनापासूनचे सहकार्य लागते. ठाण्यातील सुशिक्षित कुटुंबे ते देत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही काही मंडळी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन अजून अर्ध्यावर तोडतात, म्हणून हे मार्गदर्शन.

फोन कोणत्या क्रमांकावरून आला आहे, हे पाहण्याच्या भानगडीत पडू नये. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले की, व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत. आपल्याला आलेला फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून असेल, तर बँकेतले साहेब पदरमोड करून आपली काळजी घेत आहेत असे समजावे.

ओळख पटवण्याचा आग्रह आपण धरू नये, कारण तो गृहस्थ ती आपण होऊनच पटवून देतो. “कार्डाचे पहिले सहा आकडे मी वाचतो, पुढचे आपण सांगा,” असे तो म्हणतो आणि त्याचे आकडे तंतोतंत जुळतात. ते जुळणारच, कारण सुरुवातीच्या आकड्यांवरून बँक आणि कार्डाचा प्रकार कळतो आणि तेच कार्ड बाळगणाऱ्या हजारो लोकांचे ते आकडे एकसारखे असतात. मात्र असल्या माहितीने मन कलुषित होऊ देऊ नये. त्याने आपली जन्मतारीखही सांगितली, तर शंकेला जागाच उरत नाही. ती आपणच कधीतरी मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनावर सुवाच्य अक्षरांत लिहून दिलेली असते, पण मोटार न लागलेली कुपने कोण लक्षात ठेवतो? घोडबंदर रोडवरच्या संकुलात पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाला फाटकावर नाव, फ्लॅट आणि वेळ लिहायला लावून, वर फोन करून खात्री झाल्याशिवाय आपण आत सोडत नाही. तोच नियम फोनवरच्या आवाजाला लावणे मात्र शिष्टाचाराला धरून होणार नाही.

वेळेचेही भान ठेवावे, म्हणजे घाई करावी. रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बारा वाजता बाद होणार आहेत, वार्षिक शुल्क माफ करण्याची मुदत संध्याकाळी संपते आहे, किंवा आपल्या कार्डावर या क्षणी ४९,९९९ रुपयांची खरेदी होऊ घातली आहे, यांपैकी काहीतरी आपल्याला सांगितले जाईल. अशा वेळी फोन ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी केली, तर सगळा खेळ तिथेच संपतो आणि समोरच्याच्या मेहनतीवर पाणी पडते. गायमुखच्या घाटात गाडी तासभर अडकली असेल, तर असे संभाषण करायला त्याहून उत्तम मुहूर्त नाही.

यानंतर मुख्य विधी. मोबाइलवर संदेश येतो आणि त्यात ओटीपी असतो. बहुतेक बँकांच्या संदेशात आकड्यांबरोबर किती रुपये, कोणत्या दुकानाच्या नावावर आणि कोणत्या कार्डावरून हे लिहिलेले असते, शिवाय हा क्रमांक कोणालाही सांगू नये अशी सूचनाही असते. हा मजकूर वाचत बसू नये. आपली दृष्टी अर्जुनाप्रमाणे फक्त सहा आकड्यांवर असावी, बाकी झाड दिसता कामा नये. “खरेदी रद्द करण्यासाठीच हा ओटीपी आहे,” असे फोनवर सांगितले जाते. रद्द करण्याच्या संदेशात ‘४९,९९९ रुपये देण्यासाठी’ असे का लिहिले आहे, हा प्रश्न मराठी माध्यमाच्या चौथीतल्या मुलालाही पडेल. आपण त्याच्यापेक्षा मोठे आहोत, हे विसरू नये.

आकडे वाचून दाखवण्याचाही कंटाळा असेल, तर व्हॉट्सॲपवर येणारी एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये नवे ॲप बसवणारी, फाइल उघडून तिला संदेश वाचण्याची परवानगी देऊन टाकावी, म्हणजे पुढचे ओटीपी आपल्याला तसदी न देता परस्पर पोहोचतात.

बँकेच्या ॲपमधल्या, कार्ड चालू-बंद करण्याच्या कळांना हात लावू नये, हेही सांगायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनेमुळे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार स्वतंत्रपणे बंद ठेवण्याची, त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाला मिळाली. परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपी न मागताच पैसे जातात. ज्यांची सर्वांत लांबची सहल महाबळेश्वरपर्यंत झाली आहे, त्यांनीही ही वाट सताड उघडी ठेवावी.

पैसे गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करण्याचा उतावीळपणा करू नये. तक्रार वेळेत पोहोचली, तर रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी गोठवता येते आणि एवढ्या लांब आलेले पैसे अधांतरी अडकून पडतात. ग्राहकाने स्वतःच्या हलगर्जीपणाने गुप्त माहिती सांगितली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले. तेव्हा बँकेला भुर्दंड पडू नये इतका उदार विचार मनात असेल, तर कार्ड बंद करण्यापूर्वी दोन-तीन दिवस घरात चर्चा करावी. चूक कोणाची, जावयाला सांगायचे की नाही, आणि नौपाड्यातल्या काकांच्या कानावर गेले तर ते तलावपाळीच्या कट्ट्यावर किती जणांना सांगतील, हे विषय आधी निकाली निघाले पाहिजेत.

चर्चा संपल्यावर बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक इंटरनेटवर शोधावा आणि सर्वांत वर दिसेल त्यावर, तो कोणी टाकला आहे हे न पाहता, फोन करावा. तिथला माणूस आपली हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेतो, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करतो आणि परतावा जमा करण्यासाठी कार्डाचे सोळा आकडे विचारतो. आपले कार्ड आता बंद झाले असेल, तर सौभाग्यवतींच्या कार्डाचे दिले तरी त्याची हरकत नसते.