३५२ हा आकडा एकटा वाचू नका

दुसऱ्या महायुद्धावरच्या आपल्या मराठी ग्रुपांत दर थोड्या दिवसांनी एक फोटो फिरतो. सोनेरी केसांचा, कोवळ्या चेहऱ्याचा जर्मन वैमानिक, आणि खाली ओळ: एरिख हार्टमन, ३५२ विमानं पाडली, असा दुसरा झाला नाही. मग कॉमेंटमध्ये सलाम, वाघांच्या इमोजी, ‘जर्मनांचा नाद करायचा नाही’ वगैरे. हवाई युद्धाच्या इतिहासाचं मला वेड आहे, त्यामुळे हा उत्साह मी समजू शकतो. पण तो आकडा असा सुटा उचलून मिरवलेला पाहिला की खरंच वाईट वाटतं. ज्या तुकडीतून तो आला तिची सहा वर्षं नीट वाचली तर त्यात वैमानिकाचं कसब दिसतंच, पण त्याहून जास्त दिसते ती हरत चाललेल्या एका राजवटीने आपल्या माणसांची केलेली पिळवणूक. आज त्यावरच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

तुकडीचं नाव यागट्गेश्वाडर ५२, म्हणजे जेजी ५२. गेश्वाडर म्हणजे साधारण सव्वाशे लढाऊ विमानांचा ताफा, त्याचे तीन ग्रुप आणि प्रत्येक ग्रुपात तीन छोट्या तुकड्या. विमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, मेसरश्मिट १०९. जगात सर्वांत जास्त विमानं पाडणारे पहिले तिघे याच तुकडीतून पुढे आले: हार्टमन ३५२, गेरहार्ड बार्कहॉर्न ३०१, गुंथर राल २७५. तुकडीचा एकूण दावा दहा हजारांच्या वर जातो. इथवर आपल्या मराठी ग्रुपांतल्या सगळ्यांना पाठ असतं.

पण हीच तुकडी १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात कशी लढली हे फारसं कुणी सांगत नाही. जुलैच्या अखेरीस तिचा तिसरा ग्रुप इंग्लिश खाडीवर स्टुका बॉम्बफेकी विमानांना संरक्षण द्यायला पाठवला गेला. स्टुका मुळातच संथ. त्यांच्या बरोबरीने उडायचं म्हणजे १०९ चा वेग आणि उंची दोन्ही हातची घालवायची, आणि वरून ब्रिटिशांच्या स्पिटफायर टपलेल्या. दोन-तीन दिवसांत ग्रुपचा कमांडर आणि छोट्या तुकड्यांचे नायक गेले. बावीस वर्षांच्या रालकडे एका छोट्या तुकडीचं नेतृत्व आलं, कारण वरचं कुणी उरलंच नव्हतं. थोड्याच दिवसांत ग्रुप मागे जर्मनीत नेला गेला. आणि बार्कहॉर्न? पुढे तीनशेचा टप्पा ओलांडणारा हा माणूस त्या अख्ख्या लढाईत एकही विमान पाडू शकला नाही. उलट तोच खाडीत पडला आणि त्याला पाण्यातून काढावं लागलं. त्याचं पहिलं विमान पडलं २ जुलै १९४१ रोजी, रशियाच्या आघाडीवर, १२०व्या उड्डाणात.

माणूस तोच, विमानही तेच. समोरचा प्रतिस्पर्धी आणि परिस्थिती बदलली.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला त्या पहिल्याच दिवशी सोव्हिएत हवाई दलाची हजारावर विमानं नष्ट झाली, त्यातली बरीचशी जमिनीवरच. स्टालिनने आधीच्या वर्षांत आपले अनुभवी सेनाधिकारी स्वतःच संपवले होते. जे नवे वैमानिक वर जात होते त्यांचं शिक्षण तोकडं, बहुतेक विमानांत रेडिओ नाही. अशा आकाशात जेजी ५२ चे अनुभवी वैमानिक दिवसाला तीन-तीन, चार-चार उड्डाणं करत होते. तुकडी रुमानियातल्या तेलाच्या राखणीपासून क्रिमिया, कॉकेशस, स्टालिनग्राड अशी फिरली. हेर्मान ग्राफने स्टालिनग्राडच्या आकाशात २ ऑक्टोबर १९४२ रोजी २०० चा आकडा गाठला. त्याच्या आधी तो कुणीच गाठला नव्हता. चारच महिन्यांनी त्याच शहरात जर्मनीच्या सहाव्या सैन्याने शरणागती पत्करली. त्या विक्रमाने खाली जमिनीवर काहीही वाचवलं नाही.

त्याच ऑक्टोबरात वीस वर्षांचा हार्टमन कॉकेशसमधल्या धावपट्टीवर दाखल झाला. याची सुरुवात कशी झाली हे त्याच्या चाहत्यांनी जरूर वाचावं. पहिल्याच लढाऊ उड्डाणात त्याने आपल्या नायकाचं, रॉसमनचं, विमान शत्रूचं समजून त्याच्यापासून पळ काढला, इंधन संपवलं आणि विमान पोटावर उतरवलं. शिक्षा म्हणून तीन दिवस जमिनीवरच्या मेकॅनिकांबरोबर काम. ५ नोव्हेंबरला पहिलं विमान पाडलं, तर त्याच्याच उडालेल्या अवशेषांनी स्वतःचं विमान निकामी झालं. दुसरं पाडायला जानेवारीची अखेर उजाडली. मग रॉसमन, क्रुपिन्स्की, ग्रिस्लाव्स्की अशा जुन्या लोकांनी त्याला घडवलं. पाहा, ठरवा, हल्ला करा, निघून जा. गरगर फिरत झुंजत बसायचं नाही. शत्रूच्या विमानाने समोरची काच भरून जाईपर्यंत गोळी झाडायची नाही. इल्यूशिन-२ सारखं चिलखती विमान असेल तर खालून जाऊन त्याच्या ऑइल कूलरवर नेम धरायचा. हे शहाणपण तुकडीने बरीच माणसं गमावून कमावलं होतं, ते त्याला आयतं मिळालं. आपला एकही जोडीदार वैमानिक लढाईत मेला नाही याचा आपल्याला विमानांच्या संख्येपेक्षा जास्त अभिमान आहे, असं तो स्वतः पुढे सांगत असे. फोटोखाली ही गोष्ट कुणीच लिहीत नाही.

ऑगस्ट १९४३ मधला प्रसंग तर मला फार जवळचा वाटतो. पाडलेल्या इल्यूशिनचे तुकडे लागून हार्टमन सोव्हिएत हद्दीत उतरला आणि पकडला गेला. त्याने पोटात मार लागल्याचं सोंग केलं, ट्रकमधून नेत असताना वर स्टुका आल्या, त्या गोंधळात पहारेकऱ्याला धक्का देऊन सूर्यफुलांच्या शेतात पळाला. रात्री चालत चालत आपल्या फौजेपर्यंत पोहोचला तर आपल्याच पहारेकऱ्याने गोळी झाडली, ती पँटच्या पायातून आरपार गेली. इकडे त्याचा मेकॅनिक मेर्टेन्स कुणाला न विचारता रायफल आणि पाणी घेऊन त्याला शोधायला शत्रूच्या हद्दीत निघून गेला होता. सेनापतींची चरित्रं मी पुष्कळ वाचली, पण या मेर्टेन्ससारखी माणसं भेटतात म्हणून तुकड्यांचे इतिहास वाचावेसे वाटतात.

आता समोरच्या बाजूला या. १९४३ च्या वसंतात दक्षिण रशियातल्या कुबानच्या आकाशात जेजी ५२ ला पहिल्यांदा बरोबरीचे प्रतिस्पर्धी भेटले. अलेक्सांद्र पोक्रिश्किन हा त्यांतला मोठा. वह्यांत लढायांची चित्रं काढून अभ्यास करणारा माणूस. त्याने सोव्हिएत वैमानिकांना सूत्र दिलं: उंची, वेग, डावपेच, मारा. विमानांचे थर एकावर एक रचून जायचं, वरच्याने खालच्याला सांभाळायचं. त्याच्या रेजिमेंटला आघाडीवरून मागे घेऊन अमेरिकी एअराकोब्रा विमानांवर नव्याने शिकवलं होतं आणि ती विमानं इराणच्या वाटेने आली होती. या वाटेशी आपलाही संबंध आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये घुसल्या तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूने भारतीय डिव्हिजनच आघाडीवर होत्या. आपल्याकडच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचित निघतं, हार्टमनचं मात्र रोज.

पोक्रिश्किनच्या नावावर ५९ विमानं आहेत आणि दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांत अव्वल असलेल्या सोव्हिएत कोझेदुबच्या नावावर ६२. अमेरिकेचा सर्वोत्तम रिचर्ड बाँग ४० वर थांबला. थांबला म्हणजे थांबवला. चाळीस झाल्यावर त्याला आघाडीवरून घरी परत बोलावलं. अमेरिकी वैमानिक ठराविक तास लढून परतायचे आणि त्यांतले कित्येक पुढे नव्यांना शिकवायचे. जर्मनीत जखमी होईपर्यंत किंवा मरेपर्यंत उडायचं. हार्टमनची उड्डाणं १,४०४, बार्कहॉर्नची १,१०४. रालचं विमान १९४१ च्या नोव्हेंबरात पडलं, पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडला, पुन्हा उडता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि नऊ महिन्यांत तो परत आघाडीवर. डावाने हरलेल्या कसोटीत एकाने त्रिशतक ठोकलं तर आपण धावफलक अर्धाच वाचून नाचत नाही. इथे मात्र नेमकं तेच चाललंय.

शिक्षणाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन लढाऊ वैमानिक दोनशेच्या वर तास उडून आघाडीवर यायचा. १९४४ मध्ये ते तास जवळपास निम्म्यावर आले, तेव्हा अमेरिकी आणि ब्रिटिश पोरं तीनशेच्या वर तास उडून येत होती. जर्मनीकडे इंधनच नव्हतं. मूठभर कसलेले लोक आकडे वाढवत होते आणि त्यांच्या मागे उभी असलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं पहिल्या दहा उड्डाणांत मरत होती. राल स्वतः १९४४ मध्ये पश्चिमेकडे जेजी ११ या दुसऱ्या ताफ्यात बदलून गेला. १२ मे १९४४ रोजी अमेरिकी थंडरबोल्ट विमानांनी त्याला गाठलं, डाव्या हाताचा अंगठा उडाला, पॅराशूटने जीव वाचला. त्याच दिवशी अमेरिकी बॉम्बफेक्यांनी जर्मनीच्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर पहिला मोठा हल्ला केला. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा वैमानिक त्या आकाशात होता आणि कारखाने जळायचे ते जळलेच.

आणि २४ ऑगस्ट १९४४. हार्टमनने एका दिवसात अकरा विमानांचा दावा केला आणि आकडा ३०१ वर नेला. हार, फोटो, हिटलरच्या हातून हिऱ्यांचं पदक. आदल्याच दिवशी रुमानियाने बाजू बदलली होती. तेलाच्या विहिरी गेल्या, एक अख्खं सैन्य वेढ्यात सापडलं. गोबेल्सच्या प्रचारयंत्रणेला अशा वेळी एक देखणा चेहरा आणि गोल आकडा हवाच होता. ऐंशी वर्षांनी आपण तोच प्रचाराचा फोटो, त्याच ओळीसकट, पुढे पाठवतोय.

हार्टमन तेव्हा पोलंडच्या आघाडीवर उडत होता. महिनाभर आधी, जुलै १९४४ मध्ये, त्याच पोलंडमध्ये लुब्लिनजवळ सोव्हिएत फौजांनी माइदानेकची छळछावणी मुक्त केली. आउश्वित्झच्या छावणीतली धुराडी तेव्हा अजून चालू होती. आघाडी जेवढे दिवस टिकली तेवढे दिवस ती छावणी चालू राहिली. हार्टमन किंवा बार्कहॉर्नने छावणीत कुणाला मारलं असं मी म्हणत नाही. पण त्यांची विमानं ज्या रेषेचं रक्षण करत होती तिच्यामागे हे चाललं होतं, आणि ‘आकाशातले सरदार’ म्हणून त्यांना त्यातून वेगळं काढता येत नाही. आपल्याकडे फुटपाथवरच्या पुस्तकांत हिटलरचं आत्मचरित्र सर्रास विकलं जातं, ‘शिस्त असावी तर तशी’ म्हणणारी शिकलेली माणसं भेटतात. म्हणूनच हे पुन्हा पुन्हा लिहावं लागतं.

आकड्यांबद्दल थोडंसं. जर्मन पद्धतीत साक्षीदार लागायचा, अर्ज भरावा लागायचा, बर्लिनमधून मान्यता यायची. तरीही लढाईच्या धामधुमीत दावे फुगतात, प्रत्येक देशाचे फुगले. सोव्हिएत दप्तरं खुली झाल्यापासून हार्टमनच्या दाव्यांवर संशोधकांत वाद चालू आहे. मला स्वतःला खरा आकडा कमी निघाला तरी त्याचं कसब कमी वाटणार नाही.

ग्राफचं वेगळं सांगायला हवं. गरीब घरचा, फुटबॉलचा वेडा. त्याने ‘रोटे येगर’ नावाचा लष्करी संघ काढून देशातले चांगले फुटबॉलपटू आपल्याकडे ओढून घेतले आणि आघाडीवरच्या मरणातून वाचवले. त्यांतला फ्रित्झ वाल्टर १९५४ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मन संघाचा कर्णधार झाला. ग्राफची २१२ विमानं एकीकडे आणि ही वाचवलेली पोरं दुसरीकडे ठेवली तर मी पोरांकडे जाईन.

शेवटच्या दिवसांत ग्राफ आणि हार्टमनला हुकूम आला की तुकडी सोडून विमानाने ब्रिटिशांकडे निघून जा. त्यांनी तो मानला नाही. सोबत निर्वासित बायकामुलं होती. विमानं जाळून सगळे चालत अमेरिकनांना शरण गेले आणि अमेरिकनांनी त्यांना सोव्हिएतांच्या हवाली केलं. त्या बायकांचे पुढे अतोनात हाल झाले. हार्टमन दहा वर्षं कैदेत राहिला, मागे जर्मनीत जन्मलेला मुलगा त्याने कधी पाहिलाच नाही, तो लहानपणीच वारला. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर अडेनाउअर मॉस्कोला जाऊन आल्यावर सुटका झाली. नव्या जर्मन हवाई दलात त्याने स्टारफायटर विमानाला उघड विरोध केला, वरिष्ठांना तो रुचला नाही. पुढे तशी जवळपास तीनशे विमानं कोसळली आणि शंभरावर वैमानिक गेले. या हार्टमनबद्दल मला मनापासून आदर आहे.

तेव्हा फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती. खाली ३५२ लिहाल तर १,४०४ पण लिहा, पोक्रिश्किनचं नाव लिहा, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडात काय चाललं होतं तेही लिहा. कुबानच्या लढाईच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी कुणी शेजारी ठेवून वाचल्या असतील तर कॉमेंटमध्ये जरूर सांगा. त्यावर मला बोलायचंय.