परदेशात सगळं नीट आहे, तरी उपचार घ्या

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी माहीमला ज्या लोकलमध्ये स्फोट झाला, तिच्यात मी होतो, शेजारच्या डब्यात. पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. मला नुसतं खरचटलं. त्यामुळे 'तुला कुठे काय झालं?' असं मी स्वतःलाच बजावत राहिलो.

मुंबईत ते निभावलं. ऑफिसात, चाळीत, फलाटावर सगळेच त्या दिवसाबद्दल बोलत होते. त्रास उफाळला तो इंग्लंडला आल्यावर. इथे नोव्हेंबरात पाचच्या आत काळोख पडतो आणि दिवाळी, ५ तारखेची बॉनफायर नाइट असे कितीतरी दिवस फटाके वाजत राहतात. छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही, ट्रेनमध्ये दार सोडून आत जायची हिंमत नाही.

२१ जुलै २०२५ ला उठून फोन पाहिला, तर उच्च न्यायालयाने १२ही आरोपींना निर्दोष सोडल्याची बातमी. त्यानंतर ऑफिस गाठायचं होतं, आणि तिथे ११ जुलै म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला फोन केला. "इतकी वर्षं झाली रे बाळा, आता विसर," ती म्हणाली. तिची माया कळते मला. पण हे विसरणं माणसाच्या हातात नसतं, एवढं तरी आपल्या घरांनी आता मानावं.

उपचार आहेत. इंग्लंडात एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीज या बोलून उपचार करणाऱ्या सेवेकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव देता येतं, दुभाषा मागता येतो. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून लवकर द्या. पीटीएसडीसाठीची, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या अशा त्रासासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी) साधारण ८ ते १२ सत्रांची असते. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून आठवणींवर काम करणारी थेरपी, हाही पर्याय आहे. सीबीटीत ती संध्याकाळ पहिल्यापासून, क्रमाने, बारीकसारीक तपशिलांसह सांगावी लागते. फार जड जातं. मग थेरपिस्ट एकेक फरक करायला शिकवते: फटाक्याचा आवाज आला की आजूबाजूला बघायचं, हवा गार आहे, कुणी ओरडत नाही, पोरं हसताहेत. तेव्हाचं वेगळं, आत्ताचं वेगळं. हे पुन्हा पुन्हा केल्यावर शरीराला हळूहळू पटतं. मला अजूनही दचकायला होतं, पण आता मी डब्यात आत जाऊन बसतो.

नोकरीच्या व्हिसावर आपण बरेच जण एनएचएस वापरता यावी म्हणून वर्षाला १०३५ पौंड आरोग्य अधिभार भरतो. दात दुखला की रजा टाकतो, मग यालाच का लाजायचं?

लेस्टरच्या आसपास कुणाला नाव नोंदवायला सोबत हवी असेल तर मेसेंजरवर लिहा. फॉर्म भरताना मी शेजारी बसेन, काय झालं ते मला सांगायची गरज नाही.