पृथ्वीची गोष्ट आठव्या वर्षापर्यंत का थांबवायची?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन जणांकडून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूल आठ वर्षांचं होईपर्यंत त्याला पृथ्वीबद्दल शिकवू नका. पृथ्वी गोल आहे हे त्याला कळत नाही, नुसतं पाठ होतं. भूकंप, ज्वालामुखी सांगितले की ते घाबरतं. आणि त्याने विचारलंच काही, तर सोपं उत्तर द्या: सूर्य जवळ आला की उन्हाळा, जमिनीखाली सगळा लाव्हा. चुकलं तरी पुढे शाळेत दुरुस्त होईल.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीच्यांत तेवढंही नाही.

‘गोल’ हा शब्द पाठ होतो, हे खरं. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना याबद्दल खोदून खोदून विचारलं आणि 1992 साली निष्कर्ष मांडले. ‘पृथ्वी गोल आहे’ म्हणणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या मनात ती थाळीसारखी होती. कुणाच्या मनात पोकळ चेंडू होता आणि माणसं त्याच्या आत, सपाट जमिनीवर राहत होती. कुणी तर दोन पृथ्व्या मानल्या होत्या, एक पायाखालची सपाट आणि एक वर आकाशातली गोल. मेसेज लिहिणारा इथे थांबतो आणि म्हणतो, बघा, कळत नाही. मला यात उलटंच दिसतं. मोठी माणसं ‘गोल’ म्हणतात, डोळ्यांना सपाट दिसतं, आणि हे मूल दोन्ही खरं ठरेल असा मेळ घालू बघतंय. हा विचारच आहे. पुढे इतर संशोधकांनी मुलांना चित्र काढायला न लावता तयार प्रतिकृती समोर ठेवून निवडायला सांगितलं, तेव्हा कितीतरी लहान मुलांनी अचूक गोल उचलला. प्रश्न कसा विचारला आणि हातात काय दिलं, यावर बरंच अवलंबून असतं.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीने पृथ्वीगोलाच्या तळाशी बोट ठेवून विचारलं होतं, “मामा, इथली माणसं पडत नाहीत?” ‘गुरुत्वाकर्षण’ असं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण तो आणखी एक पाठ होणारा शब्द झाला असता. आम्ही एका चेंडूला चारी बाजूंनी मातीची इवली माणसं चिकटवली, सगळ्यांचे पाय चेंडूकडे. मग एकेकाला बोट लावून मी विचारायचो, “याचं खाली कुठे?” आधी तिने प्रत्येकासाठी खोलीची फरशी दाखवली. मी चेंडू फिरवला, खालचा माणूस वर आला. पुन्हा विचारलं, पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळी ती थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि चेंडूच्या पोटावर बोट टेकवून म्हणाली, “सगळ्यांचं खाली आत आहे.” गुरुत्वाकर्षण हा शब्द तिला काही महिन्यांनी सांगितला. तेव्हा तो ठेवायला तिच्याकडे जागा तयार होती.

आता ‘सूर्य जवळ आला की उन्हाळा’. या मेसेजमधलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हेच. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून; त्यामुळे हिवाळ्यात ऊन जास्त तिरपं पडतं. हे सात वर्षांच्या मुलाला दाखवता येतं. अंधाऱ्या खोलीत कागदावर सरळ टॉर्च मारा, मग तिरका मारा. तिरपा उजेड जास्त जागेवर पसरतो आणि फिका पडतो, हे मूल स्वतःच सांगतं. शिवाय दर महिन्याला एकदा भर दुपारी उभ्या काठीच्या सावलीचं टोक खडूने आखून ठेवा. हिवाळ्यातली सावली लांब, उन्हाळ्यातली आखूड. त्यासाठी आसाचं नावही काढावं लागत नाही.

आणि शाळेत दुरुस्त होतं म्हणता? 1987 मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात उन्हाळा का होतो असं कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं, तेव्हा झगे घातलेल्या पदवीधरांनी ठामपणे अंतराचंच कारण दिलं. लहानपणी बसलेलं चुकीचं कारण इतकं चिवट असतं.

लाव्हाचं उत्तरही चुकीचंच. भूकवचाखालचं प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, जवळजवळ सगळं घट्ट खडकाचं आहे. तो खडक अतिशय संथपणे सरकतो आणि काही ठिकाणी थोडासाच वितळतो. द्रवरूप लोखंडाचा बाह्य गाभा लागतो सुमारे 2900 किलोमीटर खोल, आणि त्याच्याही आत पुन्हा घन गाभा आहे, जो डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी 1936 मध्ये भूकंपलहरींवरून ओळखला. “वर पातळ साल, खाली जाड खडक, मग वितळलेलं लोखंड, मधोमध लोखंडाचा घट्ट गोळा.” हे ‘सगळा लाव्हा’पेक्षा काही फार अवघड नाही, आणि खरं आहे.

राहिली भीती. 2004 च्या त्सुनामीच्या दिवशी टिली स्मिथ ही ब्रिटिश मुलगी थायलंडच्या एका किनाऱ्यावर होती. समुद्राचं पाणी फेसाळताना पाहून तिला दोन आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा तास आठवला. तिने आईवडिलांना ओरडून सांगितलं आणि सुमारे शंभर माणसं वेळेत तिथून हलली. ती दहा वर्षांची होती, त्यामुळे आठच्या खालच्या मुलांबद्दल हा पुरावा नाही, हे मान्य. पण माहिती मुलांना गोठवतेच असं म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे बघावं. मुलं घाबरतात ती नुसत्या पडझडीच्या दृश्यांनी, पुढे काय करायचं हे कुणी न सांगितल्यामुळे. पाच वर्षांच्या मुलाला सांगा की जमिनीचे मोठे तुकडे नखं वाढतात साधारण तेवढ्याच वेगाने सरकतात, कधी अडकतात आणि एकदम सुटतात, म्हणून हादरा बसतो. तेव्हा टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. एकदा हे खेळून दाखवा. दुसऱ्या वेळी ते घरातलं सगळ्यात भक्कम टेबल कोणतं, हे स्वतःच हलवून हलवून ठरवायला लागतं.