अल्लाउद्दीन सांगणाऱ्याचं नाव

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक वाद पेटतो. काकांचं म्हणणं, पंचतंत्र असताना पोरांना अल्लाउद्दीन कशाला? मावशीला अरबी गोष्टी चालतात, पण त्या थेट अरबीतून आलेल्या हव्यात, इंग्रजीवरून उतरवलेल्या नकोत. पॅरिसमध्ये राहून मला दोघांचंही पटेनासं झालंय.

काकांचं उत्तर इथल्या शाळेतच आहे. फ्रेंच मुलं ला फाँतेन या जुन्या फ्रेंच कवीच्या प्राणिकथा तोंडपाठ करतात. 1678 साली नव्या कथा छापताना त्यानं स्वतःच लिहिलं, की यातल्या बहुतेक मी पिलपाय या भारतीय ज्ञानी माणसाकडून घेतल्या. हा पिलपाय ‘कलीला व दिम्ना’मधला, म्हणजे पंचतंत्राच्या अरबी रूपातला. पंचतंत्र पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ते अरबीत आणलं, आणि तिथून ते युरोपभर पसरलं. पंचतंत्राचा अभिमान बाळगायचा तर अरबीचे उपकार मानायलाच हवेत.

मावशीचा मुद्दा जास्त अवघड आहे. आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडितानं 1704 पासून ‘हजार आणि एक रात्री’, म्हणजे अरेबियन नाइट्स, फ्रेंचमध्ये आणल्या. त्याच्याजवळच्या सीरियातल्या हस्तलिखितात तीनशे रात्रीसुद्धा नव्हत्या, अल्लाउद्दीन तर नव्हताच. ती गोष्ट त्याला मे 1709 मध्ये इथेच, पॅरिसमध्ये मिळाली. सांगणारा होता हन्ना दियाब, सीरियातल्या हलबचा (अलेप्पोचा) विशीतला ख्रिस्ती तरुण. अलीबाबाही त्याचाच. गालाँच्या खासगी रोजनिशीत त्याचं नाव आहे, पण छापलेल्या खंडांत कुठेही नाही. पुढे अल्लाउद्दीनच्या अरबी पोथ्या सापडल्या खऱ्या, पण त्या फ्रेंचवरूनच केलेल्या निघाल्या. मग मावशीनं ‘थेट अरबीतून’ आणायचं ते कुठून?

दियाब हलबला परतला, कापडाचा व्यापारी झाला आणि म्हातारपणी त्यानं आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो, की एक म्हातारे गृहस्थ (म्हणजे गालाँ) आमच्याकडे यायचे, त्यांना काही रात्री कमी पडत होत्या, म्हणून मला येत होत्या त्या गोष्टी मी सांगितल्या. बस, एवढंच. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या या वहीची सुरुवातीची पानंच गहाळ, त्यामुळे ती कोणाची हे कित्येक वर्षं कळलं नाही. हे सगळं वाचून मला फार वाईट वाटलं.

सांगणाऱ्याचं नाव असं गाळणं टाळता येत नव्हतं असं नाही. दख्खनच्या दौऱ्यात आयेनं सांगितलेल्या गोष्टी मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिनं 1868 मध्ये छापल्या, तेव्हा त्या आयेचं नाव दिलं, ॲना लिबराटा डिसूझा, आणि तिची जीवनकहाणीही तिच्याच तोंडून पुस्तकात घेतली. साम्राज्याच्या त्या काळातही हे जमलं.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं, की कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी पोरांना खुशाल वाचून दाखवा. मात्र मराठीत अल्लाउद्दीन नव्यानं छापणाऱ्यानं पहिल्या पानावर हन्ना दियाब, हलब, एवढं तरी घालावं.